‘विदर’चे बारा अर्थ

भोरात इंग्रजी येणाऱ्या माणसाला फार मान होता. का होता ते मला आजवर कळलेलं नाही. आमच्यातल्या निम्म्यांना इंग्रजी येत होतं ते परीक्षेपुरतं, उरलेल्यांना अर्ज लिहिण्यापुरतं आणि मला गंगाधरपंतांच्या धाकापुरतं. गंगाधरपंत आमच्या शाळेचे हेडमास्तर. सन अडतीस साली त्यांनी एक पुस्तक करायला घेतलं होतं. मॅट्रिकच्या मुलांसाठी इंग्रजी क्रियापदं, त्यांचे अर्थ आणि उपयोग. करायला त्यांनी घेतलं होतं, करत मी होतो. मी तेव्हा हंगामी मास्तर. पुस्तक छापून झालं की तुम्हाला कायम करायची शिफारस करतो, असं पंतांनी मला तीनदा सांगितलं होतं आणि तिन्ही वेळा मी तितकाच हरखलो होतो.

डब्ल्यू अक्षरापर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग ‘विदर’ आलं. मी त्याच्यापुढं लिहिलं, सुकणे, कोमेजणे. पंतांनी कागद वाचला आणि चष्मा काढून माझ्याकडं बघत बसले.

“उपेंद्र, ‘फेड’पुढंही तुम्ही कोमेजणेच लिहिलंत. ‘डिके’पुढं सडणे, सुकणे. रंग विटतो, लाकूड कुजतं, फूल कोमेजतं. हे निराळं आहे एवढं कळायला इंग्रजी लागत नाही. आणि ‘विदर’ म्हणजे उभ्या जागी जीव जाणं, आतली ओल संपत संपत. त्याला मराठीत दोनच शब्द?”

“आणखी शोधतो,” मी म्हणालो.

“कुठं शोधणार? घरच्या तुळशीत? यंदा वेल्ह्याकडं भात उभं वाळलंय म्हणतात. दसऱ्याची सुट्टी लागतेच आहे. जा तिकडं आणि शेतकऱ्यांना विचारून या.”

लोकांचं पीक वाळलं ही आम्हा दोघांना सोय वाटली. त्यात काही वावगं आहे असं त्या क्षणी माझ्या मनातसुद्धा आलं नाही. हे सांगताना लाज वाटते, पण आलं नाही हे खरं. उलट गुरुजनांनी विश्वासानं काम सोपवलं म्हणून मी घरी जाऊन नलूला, म्हणजे माझ्या बायकोला, फुशारकीनं सांगितलं. तिनं दशम्या बांधून दिल्या. शाळेतली एक कोरी नोंदवही मी बरोबर घेतली. शाळा संस्थानची, तेव्हा वहीच्या लाल पुठ्ठ्यावर संस्थानचा शिक्का होता.

भोरहून वेल्ह्याकडचं पासली गाव म्हणजे पायी दोन दिवस. दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना मी गावात शिरलो तो काळी टोपी, बंद गळ्याचा कोट आणि बगलेत ती लाल वही अशा थाटात. मला बघून एक म्हातारा पागोटं सावरत जवळजवळ पळतच आला.

“या रावसाहेब, या! वाट बगून डोळं शिनलं आमचं. म्या गेनबा, हितला पाटील.”

मला वाटलं, डोंगरातली माणसं भारी अगत्यशील. चावडीत नवं घोंगडं अंथरलं गेलं. मी ब्राह्मण म्हणून शिधा आला. डाळ, गूळ, तुपाची वाटी आणि जुना आंबेमोहर. एवढ्या वाळलेल्या गावात आंबेमोहर कुणाच्या घरून आला हे मी विचारलं नाही. तीन दगडांची चूल मांडून भात शिजवला आणि पोटभर जेवलो. जेवण झाल्यावर पाटील समोर येऊन बसले आणि एकेक सांगू लागले, तेव्हा सगळा उलगडा झाला.

झालं होतं असं. भाद्रपदात पाऊस जो गेला तो गेलाच. भात नुकतं लोंबीवर येत होतं, ते तसंच खाचरात वाळलं. दरबारनं हुकूम काढला होता, ज्या गावाचं पीक चार आण्यांच्या, म्हणजे चौथ्या हिश्श्याच्या, आत, त्या गावाला सरकारी कोठारातून खायला नाचणी आणि पुढच्या ज्येष्ठात पेरायला भाताचं बी मिळेल. मात्र कचेरीचा माणूस येऊन उभं पीक डोळ्यांनी पाहून जाईपर्यंत कुणी विळा लावायचा नाही. कापलेल्या पिकाची पाहणी होत नाही. म्हणून तीन आठवडे अख्खं गाव ते मेलेलं पीक राखत बसलं होतं. दावणीला गुरं हंबरत होती आणि त्यांच्यापुढं टाकायला त्या वाळक्या ताटांवाचून दुसरं काही नव्हतं. खाचरांत थोडी ओल उरली होती, तीही चालली होती. ती जाण्याआधी ताटं काढून वाल, हरभरा पेरला असता तर चार घास हाती लागले असते.

“आता तुमी आला,” पाटील म्हणाले, “आता सुटलो आमी.”

तिथंच सांगायला हवं होतं. बाबांनो, मी कचेरीचा नव्हे, शाळेतला मास्तर आहे, शब्द गोळा करायला आलोय. एवढंच. आणि मी तोंड उघडलंही होतं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. पण तेवढ्यात ठकुबाई आली.

साठीच्या घरातली, काटक, नाकाडोळ्यांनी धारदार बाई. नवरा नाही, मुलगा दोन वर्षांपूर्वी तापानं गेलेला. ती आणि सून बनाबाई अशा दोघी मिळून वरच्या अंगाची पाच खाचरं कसत होत्या. चावडीच्या पायरीशी उभी राहून ती एका दमात बोलली, “रावसाहेब, उद्याच्याला पयली माझी खाचरं बगा. खालच्यांची नुसती मान टाकल्याली हाय, माझी वरली कोळपून गेली. आन तिसऱ्यातलं तर पोटातच आवळलं.”

मान टाकणं, कोळपणं, आवळणं. एका श्वासात तीन शब्द, आणि तिन्ही निरनिराळे. मी तोंड मिटलं आणि वही उघडली.

सकाळी ती मला बांधाबांधानं घेऊन फिरली. माझ्या आयुष्यात मला इतकं चांगलं कुणी शिकवलेलं नाही. पंतांनी नाही, पुण्याच्या कॉलेजातल्या प्रोफेसरांनी नाही. ती वाकून ताट धरायची, पान बोटांत फिरवून दाखवायची आणि नाव सांगायची.

“हे बगा, ह्यानं मान टाकलीया. दोन घागरी पानी मिळालं असतं तर रातीत उठलं असतं. हे मुरडलं. पान असं सुरळीवानी वळलं का समजायचं, त्याला आता तहान सोसंना. हे कोळपलं. ह्याचा शेंडा करपला. आन हे वठलं, आता देव आला तरी उठायचं न्हाई.”

“आणि हे? हे तर हिरवं दिसतंय.”

“त्ये खुरटलंय. जगलं, पर वाढलं न्हाई.” ती हसली. “आमच्यावानी.”

मी हसलो आणि खुरटणे लिहिलं. पुढच्या खाचरात तिनं एक लोंबी तोडून माझ्या तळहातावर चोळली. भरलेली वाटत होती, पण हाती नुसता भुस्सा आला. त्याला ती फोल म्हणाली. बनाबाई मागून येत होती. सासूला विसर पडला की ती हळूच एखादा शब्द पुरवायची. मी एकेकीला उलटून विचारत होतो, कोळपणं आणि करपणं यांत फरक काय, वाळलं आधी म्हणायचं की वठलं आधी. माझी ही चौकशी बघून ठकुबाई पाटलांना म्हणाली, “असा मानूस पायजे. मागल्या बारीला आल्याला त्यो घोड्यावरनंच बगून गेला.”

त्या बाईला वाटत होतं, ती बोलेल तो शब्द तिच्या बाजूनं साक्ष म्हणून लिहिला जातोय. म्हणून ती एकही शब्द ढिला सोडत नव्हती. आणि मला ते समजत होतं. मी काही दूधखुळा नव्हतो. मास्तर म्हणून गेलो असतो तर मला शब्द मिळाले असते दोन-चार, तेही कुणाला सवड झाली तर. रावसाहेब म्हणून मला बारा मिळाले. मी मनाशी म्हटलं, जाताना सांगू. आधी काम पुरं होऊ दे.

मी निघालो तेव्हा तिनं विचारलं, “अंगठा कुठं लावू?”

मी पान पुढं केलं. माझ्याच दौतीत बोट बुडवून तिनं बारा शब्दांच्या खाली अंगठा उठवला. शाई पसरू नये म्हणून मी त्यावर फुंकर घातली.

“मग रावसाहेब, लावू का विळा?”

सगळा गाव उभा होता. पाटील, बनाबाई, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. मी नाही म्हणालो असतो तर का नाही ते सांगावं लागलं असतं आणि मग सकाळपासूनचं सगळंच सांगावं लागलं असतं. मी मान हलवली. हो म्हणून हलवली. पाठ फिरवून मी उतार उतरू लागलो तेव्हा मागं विळ्यांचा आवाज सुरू झाला होता.

वाटेत मी स्वतःची समजूत घातली. म्हटलं, खरा माणूस येईल, ताटं बघेल, मुळं बघेल, त्याला कळेलच की. शिकलेल्या माणसाला स्वतःची समजूत घालायला वेळ लागत नाही.

पंत खूश झाले. ‘विदर’ला पाऊण पान मिळालं. प्रत्येक अर्थापुढं इंग्रजी वाक्य, त्याखाली मराठी वाक्य. पंत म्हणाले, अख्ख्या पुस्तकात एवढं नेटकं क्रियापद दुसरं नाही. कागद पुण्याला छापखान्यात गेले.

कचेरीचा खरा माणूस पासलीला पोचला तो मी निघाल्यानंतर बारा दिवसांनी. तोवर गुरांनी ताटं खाल्ली होती, खाचरं नांगरून झाली होती आणि वाल वर आले होते. त्यानं लिहिलं, पीक काढून घेतलेले दिसते, पाहणीस पीक नाही. शेजारच्या गावांना नाचणी मिळाली, बी मंजूर झालं. त्यांनी ताटं उभी ठेवली होती. पासलीच्या पुढं रेघ आली.

कार्तिकात एके दिवशी दुपारच्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी गेनबा पाटील आणि ठकुबाई उभे दिसले. दोन दिवस चालून आलेले, पाय धुळीनं पांढरे. कचेरीत लाल वहीवाल्या रावसाहेबांची चौकशी केल्यावर कुणीतरी त्यांना हसत हसत शाळेकडं पाठवलं होतं. मला वाटलं, आता ही बाई आकांत करणार. तर मला बघताच तिचा चेहरा फुलला.

“सापडलं एकदाचं! हेच त्ये, पाटील. आता काळजी न्हाई. रावसाहेब, उद्याच्याला मामलेदारांनी बलीवलंय. तुमी निस्तं येऊन सांगा. तुमी समदं बगितलंय.”

मी मास्तर आहे हे तिला एव्हाना कळलं होतं. तिचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. पाहिलेलं पाहिलं म्हणायला माणूस कचेरीतलाच हवा असं तिला वाटत नव्हतं.

मी पंतांना गाठलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं.

“शिक्क्याची वही घेऊन तुम्ही पाहणी केलीत? लोकांचे अंगठे घेतलेत?”

“एकच अंगठा.”

“एक काय आणि शंभर काय! सरकारी अंमलदार असल्याचं भासवणं म्हणजे काय, ठाऊक आहे? तुमच्याबरोबर शाळाही जाईल. पुस्तक छापून होतंय, डिसेंबरात तुमचा कागद वर जायचा आहे. ती वही मी बघितलेली नाही, आणि तुम्हीही ती कुणाला दाखवू नका.”

रात्रीपर्यंत थांबायचाही धीर नव्हता, संध्याकाळीच नलूला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती घाबरेल, रडेल, गप्प बसा म्हणेल. ती म्हणाली, “अहो, जाऊन खरं सांगा. नोकरी गेली तर जाऊ दे. मी चार घरच्या शेवया वळीन, पापड लाटीन. त्या बाईच्या घरचा भात खाऊन आलात ना?”

म्हणजे बायकोच्या नावावर ढकलायचीही सोय उरली नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत उभा राहिलो. मामलेदार मूळचे सज्जन. मला खुर्ची दिली. पाटील आणि ठकुबाई दाराशी जमिनीवर बसले.

“मास्तर,” मामलेदार म्हणाले, “या गावाचं पीक गेलं असणार हे मलाही दिसतंय. शेजारी गेलं, मग यांचंच कसं वाचेल? पण मला कागदाला आधार लागतो. तुमच्यासारख्या सुशिक्षित, तिऱ्हाईत माणसानं पीक उभं असताना पाहिलंय असं हे लोक म्हणतात. तुमचा जबाब मी ग्राह्य धरीन. पीक वाळलेलं होतं का?”

नुसतं हो म्हणायचं होतं. बारा शब्द राहू देत, एक अक्षर. त्या एका अक्षरावर पासलीच्या चाळीस घरांची नाचणी आणि पुढच्या सालचं बी कोठारातून बाहेर पडलं असतं. ठकुबाई माझ्याकडं बघून मान डोलावत होती. पोर पाठ केलेली कविता म्हणायला उभं राहिलं की आई डोलावते ना, तशी.

मी विचारलं, “जबाबात मी तिथं का गेलो होतो तेही यायला हवं का?”

“अर्थात. कुणाच्या सांगण्यावरून गेलात, काय लिहून घेतलंत, सगळं येईल.”

मग मी बोललो. माझा आवाज स्वच्छ होता, जरासुद्धा कापला नाही, याचंच मला आजही नवल वाटतं.

“मी भाषेच्या अभ्यासासाठी काही शब्द टिपायला गेलो होतो. शेतीतलं मला काही कळत नाही. पीक वाळलेलं होतं की कापणीला आलेलं होतं, हे मी सांगू शकत नाही.”

कारकुनानं ते जसंच्या तसं उतरून घेतलं. मी सही केली, इंग्रजीत. मामलेदारांनी माझ्याकडं एकदा निरखून बघितलं, मग पाटलांना म्हणाले, “माझा इलाज नाही.”

पाटलांनी खाली मान घातली. ठकुबाई मात्र उठून उभी राहिली. मामलेदारांकडं तिनं बघितलंही नाही.

“मास्तर, मग म्या बोल्ल्यालं काढून टाका त्या वहीतनं.”

“काय?”

“म्या जे जे बोल्ले त्ये. तुमाला काई कळत न्हाई नव्हं? मग तुमच्याजवळ कशाला ठिवताय? माझं मला परत द्या.”

मामलेदारांना हसू आलं. कारकूनही हसला. मी म्हणालो, “बाई, ते आता छापायला गेलंय.” का कोण जाणे, पण तेवढं एक मी खरं बोललो. तिनं पदर सारखा केला आणि पाटलांच्या मागून चालू लागली. मला वाटलं, फाटकापर्यंत तरी जावं, निदान वाटेला काही बांधून द्यावं. मी खुर्चीतून उठलो नाही.

घरी आल्यावर माझ्या चेहऱ्यावरून नलूला कळलं असावं. त्या दिवसापासून तिनं माझं पान वाढलं, कपडे धुतले, सगळं केलं, पण शाळेतली गंमत सांगू लागलो की ती चुलीकडं तोंड करून बसायची. ते अजून तसंच आहे.

डिसेंबरात पुस्तक निघालं. पंतांचं नाव वर, माझं आत प्रस्तावनेच्या शेवटी, ‘यांचेही साहाय्य झाले’ असं. महिनाअखेर मी कायम झालो. पुण्याहून एका जाणकारांचं पत्र आलं. त्यांनी मुद्दाम ‘विदर’ची तारीफ केली होती, लेखकाची नजर खेड्यापाड्यांपर्यंत पोचलेली दिसते असं लिहिलं होतं. पंतांनी ते पत्र वर्गावर्गांतून वाचून दाखवलं.

पुढच्या आषाढात मंगळवारच्या बाजारात गेनबा पाटील दिसले. मी तोंड चुकवणार होतो, पण त्यांनीच रामराम घातला. डोंगरातल्या माणसांची ही रीत फार वाईट. शिवी द्यायच्या जागी ती रामराम घालतात.

“भातं लागली का?” मी विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

“लागली जराशी. बी हुतं त्यांची लागली. निम्मी खाचरं पडल्यात.”

“ठकुबाईंची?”

“तिचं बियानं हिवाळ्यात खाऊन झालं. न्हाई खाऊन सांगती कुनाला? ती आन सून भोंगवलीला गेल्यात, लोकांच्या लावनीला, मजुरीनं. ह्या वयाला चिखलात दिसभर वाकायचं म्हंजी...” त्यांनी हातातली मिठाची पुडी या हातातून त्या हातात घेतली. “पाच खाचरं तिची, पर ह्या साली एक काडी लावली न्हाई. जाताना बांधावर उबी ऱ्हायली, मंग गेली.”

आठ महिने जे विचारायचं होतं ते मी शेवटी विचारलंच. “माझ्याबद्दल काही म्हणते का हो ती?”

माझी काय अपेक्षा होती, सांगतो. तिनं मला शिव्याशाप दिले असतील. बोटं मोडली असतील. माझं नाव घेऊन चुलीत थुंकली असेल. ते ऐकायची माझी तयारी होती. खरं तर मला ते हवंच होतं. ते ऐकून घरी गेलो असतो आणि नलूला सांगितलं असतं, की बघ, भोगतोय मी.

पाटलांनी जरा आठवून बघितलं. भला माणूस, उगाच काही बोलून माझं मन राखावं असंही त्यांच्या मनात आलं नाही.

“तुमच्याबद्दल?” ते म्हणाले. “न्हाई बा. तुमच्याबद्दल कशाला बोलंल ती?”

आणि मिठाची पुडी धोतराच्या सोग्यात बांधून ते बाजारातून बाहेर पडले.